तळ्यावर झाकण घालण्याआधी

कारंजा, आष्टी, आर्वी या आमच्या पट्ट्यात ज्यांनी संत्र्याचा अंबिया बहार धरला, त्यांचं सगळं वर्ष मार्च ते मे या तीन महिन्यांवर अडलेलं असतं. फळ धरलेलं असतं, पारा ४५ अंशांकडे सरकतो, विहिरीला मोटर लावली की थोड्याच वेळात ती फुसफुसायला लागते. मग भिस्त शेततळ्यावर. त्या तळ्याचं पाणी रोज खाली जाताना दिसलं की माणूस झाकण शोधायला निघतो. मीही निघालो होतो. त्यात जे भोगलं ते सांगतो, कारण होळीच्या आसपास गावोगाव जाळी विकणारे फिरायला लागतात आणि घाईत घेतलेली जाळी उन्हाळाभरही टिकत नाही.

आधी हिशेब. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली, तेव्हापासून ३० बाय ३० मीटर आणि ३ मीटर खोल हे माप आमच्याकडे सगळ्यांच्या तोंडी आहे. एकास एक उतार धरला तर तळाशी २४ बाय २४ उरतं आणि तळ्यात २,१९६ घनमीटर, म्हणजे जवळपास २२ लाख लिटर पाणी मावतं. विदर्भातल्या कडक उन्हाळ्यात उघड्या पाण्याचा दिवसाला सेंटिमीटरभर थर उडतो, गरम वारा सुटला तर त्याहून जास्त. भरलेल्या तळ्यावर तो एक सेंटिमीटर म्हणजे ९,००० लिटर. मोठ्या संत्र्याला त्या दिवसांत ठिबकनं रोज शंभरावर लिटर लागतं, म्हणजे सत्तर-ऐंशी झाडांचं पाणी रोज नुसतं हवेत जातं. मेपर्यंत तळं अर्ध्यावर येतं, पसाराही कमी होतो, तरी नुकसान लहान नाही. झाकणाचा खर्च वायफळ आहे असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही.

मात्र पैसे काढण्याआधी एक गोष्ट कराच. पाणी उडतंय की मुरतंय, हे पाहा. एक बादली घ्या, तिच्यात तळ्याचंच पाणी भरा, बुडाशी दोन दगड टाका आणि काठालगत, जिथं पाणी उथळ आहे तिथं ती तळ्यातच ठेवा. बादलीची कड पाण्याच्या वर राहिली पाहिजे आणि आतलं-बाहेरचं पाणी साधारण एका पातळीवर हवं. आतून एक खूण करा, बाहेरून एक. दोन-तीन दिवस पंप बंद ठेवा. दोन्हीकडं पाणी सारखंच उतरलं तर ते ऊन-वाऱ्यानं नेलं. बाहेरचं जास्त उतरलं तर तळ्यात अंथरलेली तुमची प्लास्टिकची फिल्म कुठंतरी फाटली आहे आणि वरून सोन्याचं झाकण घातलं तरी पाणी राहणार नाही. उंदीर-घुशी फिल्म कुरतडतात, काळ्या मातीला भेगा पडल्या की बांध खचून फिल्म ताणली जाते, कोपऱ्यातला जोड सुटतो. आमच्या धुऱ्यापलीकडच्या तळ्यावर एकानं जाळी आधी बांधली आणि कोपऱ्यातली फाट नंतर सापडली, तीही बांधाखालची माती ओली दिसली म्हणून. बादलीला काही खर्च नाही. ही एक गोष्ट कोणी ऐकली तरी माझं लिहिणं वाया गेलं नाही असं मी समजेन.

आता माझ्या जाळीबद्दल. विकणारा माणूस गोड बोलणारा होता. “काका, पाच वर्षं पाहायचं कामच नाही,” म्हणाला. हिरवी जाळी, एका तुकड्यात शिवलेली, कडेला पितळी रिंगा. खांब पुरले, तारा ओढल्या, जाळी ताणली, तेव्हा तळं हिरव्यागार मांडवाखाली गेल्यासारखं दिसत होतं. एप्रिलमध्ये एका संध्याकाळी पश्चिमेकडून वावधन उठलं, मागोमाग गारा. जाळीत वारा भरला आणि सगळा ओढा त्या रिंगांवर आला. कापड तसं शाबूत होतं, पण प्रत्येक रिंग आपल्याभोवतीचा घास घेऊन उपटून निघाली होती. मधोमध गारांचं ओझं साचून उरलेला भाग पाण्यात बुडाला. दुकानदारानं नंतर फोन उचलला नाही. बिलावर जाळीचं वजन नव्हतं, धागा कोणता ते नव्हतं, उन्हापासूनच्या संरक्षणाचा शब्दही नव्हता, त्यामुळं भांडायला हातात काही नव्हतं.

माझा भाचा कॅनडात एडमंटनला असतो. तिकडं थंडीत पारा उणे तीसपर्यंत उतरतो आणि लोक अंगणात गरम पाण्याचं कुंड ठेवून त्यात बसतात. मी जाळीची कथा सांगितली तर तो म्हणाला, “मामा, आमच्या कुंडाच्या झाकणाचंही असंच आहे.” तिथं पाण्याची वाफ उष्णता घेऊन जाते म्हणून झाकण लागतं, इथं वाफ पाणीच घेऊन जाते म्हणून. तिकडची झाकणं जाड फोमची असतात, मधे उंच आणि कडेला उतरती, म्हणजे बर्फ वितळून घसरतो. फोमभोवतीचं प्लास्टिक फाटलं की फोम वाफ पितो, झाकण उचलवत नाही इतकं जड होतं आणि ऊबही धरत नाही. लहान मूल उचलू नये म्हणून त्याला कुलपाचे पट्टे असतात. वस्तू घेताना तिथला जाणता माणूस बर्फाचं ओझं, ओलावा आणि मूल हे तीन प्रश्न विचारतो. माझ्या मते आपणही तेच विचारावेत, फक्त बर्फाच्या जागी वारा आणि गारा धराव्यात.

पाण्यावर तरंगणारं झाकण वाफ सगळ्यात चांगली अडवतं, कारण हवेचा आणि पाण्याचा संबंधच तुटतो. पण आपल्या तळ्याच्या बाजू उतरत्या आहेत. भरलेल्या तळ्याचा पसारा ९०० चौरस मीटर, तर दीड मीटर पाणी उरलं की ७२९. उरलेलं झाकण कुठं जाणार? ते उतारावर चढतं, दुमडतं आणि फिल्मवर घासतं. थर्माकोलचे तक्ते तर कोणी सुचवूच नयेत. २०१७च्या एप्रिलमध्ये तमिळनाडूत वैगई धरणावर चिकटपट्टीनं जोडलेले तक्ते सोडले होते, वाऱ्यानं ते काठाला आणून टाकले. शिवाय थर्माकोल उन्हानं झिजून त्याचे दाणे सुटतात आणि ते ठिबकच्या फिल्टरमध्ये येऊन बसतात. लॉस एंजेलिसच्या जलाशयात २०१५ साली ९ कोटी ६० लाख काळे चेंडू सोडले, ते टिकले. त्यांच्या पोटात वजनासाठी पाणी होतं आणि चेंडू एकमेकांवर सरकत पातळीबरोबर खाली उतरतात. पण तिथला मुख्य हेतू पिण्याच्या पाण्यावर ऊन पडून घातक रसायन तयार होऊ नये हा होता. त्यावर एका शहरानं खर्च केला, तो आपल्या आवाक्यातला नाही.

म्हणून आपल्याकडं ताणलेली जाळीच योग्य, असं माझं ठाम मत झालं आहे. ती ऊन तोडते, वारा मंदावते आणि तिच्याखाली दमट हवा कोंडून राहते. आग्नेय स्पेनमध्ये शेततळ्यांवर दुहेरी काळी जाळी लावून पाहिली, तेव्हा बाष्पीभवन ८० टक्क्यांहून अधिक घटलं. आपली एकेरी जाळी तेवढं देणार नाही, तरी पाण्याच्या वर उघडी पडणारी फिल्म सावलीत राहिल्यानं तिचं आयुष्य वाढतं आणि शेवाळ कमी धरल्यानं ठिबक तुंबत नाही. तळ्यात रोहू-कटला सोडले असतील तर मात्र सगळं तळं झाकू नका. पाण्यात ऊन पोचलं नाही तर त्यांचं खाद्यही वाढत नाही आणि प्राणवायूही कमी पडतो.

जाळी गोल धाग्याची घ्या. चपट्या पट्टीची स्वस्त असते, पण लवकर तुटते. एक मोठा तुकडा घेऊ नका. तीन-चार मीटर रुंदीच्या पट्ट्या घ्या आणि दोन पट्ट्यांमध्ये हातभर फट ठेवा. वारा त्या फटीतून निघून जातो आणि एक पट्टी फाटली तर बाकीच्या वाचतात. कड दुमडून, आत दोरी घालून शिवून घ्या आणि ती दोरी तारेला बांधा. ओढा कडेच्या सगळ्या लांबीवर वाटला गेला पाहिजे, रिंगांच्या भोकांवर नाही. तार ताणायचा स्क्रू प्रत्येक तारेला हवा, कारण उन्हानं तार सैल पडतेच. ३० मीटरच्या रुंदीत मधोमध आधार लागतो आणि तो फिल्म न टोचता द्यायचा म्हणजे कसरत आहे. नवीन तळं खोदणाऱ्यानं म्हणूनच पसरट तळ्यापेक्षा लहान माप आणि जास्त खोली, जमीन परवानगी देईल तितकी, धरावी. पश्चिमेच्या धुऱ्यावर शेवरीची दाट ओळ लावली तर जाळीवरचा अर्धा ताप कमी होतो. मुळं फिल्मपर्यंत जाऊ नयेत इतकी ती लांब असावी.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे विकणारा कधीच बोलत नाही. शेततळ्यात पडलेल्याला बाहेर येता येत नाही. फिल्म निसरडी असते, पाय ठरत नाही, पोहता येणाराही उतारावरून परत परत घसरतो. आपल्या राज्यात शेततळ्यांत मुलं बुडाल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात वाचतो आणि पोटात गोळा येतो. पाण्यालगत सपाट पसरलेली जाळी लेकराला जमिनीसारखी वाटते. ते पाय टाकतं आणि जाळीत गुंडाळलं जातं, वरून कोणाला दिसतही नाही. म्हणून जाळी बांधापेक्षा उंच, माणूस वाकून खाली पाहू शकेल अशी बांधा. चारही बाजूंना गाठी मारलेला जाड दोर खांबाला बांधून पाण्यापर्यंत सोडा आणि ट्रकची फुगवलेली ट्यूब त्यालाच अडकवा. काटेरी कुंपण आणि कुलूप लावलेलं फाटक जाळीच्या आधी बसवा. रोही, रानडुक्कर रात्री पाण्याच्या वासानं येतात, त्यांच्यासाठीही ते लागतंच. पैसे एकाच कामापुरते असतील तर यंदा कुंपण घाला, जाळी पुढच्या वर्षी.

जाळी फेब्रुवारीत चढवा, वावधनं सुरू होण्याआधी तारा दोनदा ताणून घ्या. मृगाआधी उतरवून धुऊन वाळवा आणि उंदीर पोचणार नाहीत अशी टांगून ठेवा. घेताना बिलावर एका चौरस मीटरचं वजन, धाग्याचा प्रकार, सावलीची टक्केवारी आणि हमीची मुदत लिहून, सही-शिक्का मारून मागा. लिहून द्यायला जो कां-कूं करतो, त्याच्याकडून जाळी घेऊ नका.