रुग्णवाहिकेस वाट देणे
(इयत्ता चौथी व पाचवी : परिसर अभ्यासाचा पाठ)

गळीत हंगाम सुरू झाला की बीड जिल्ह्यातील रस्ते उसाच्या ट्रॉल्यांनी व बैलगाड्यांनी भरून जातात. त्याच रस्त्यांवरून सर्पदंश झालेला शेतकरी किंवा अडलेली बाळंतीण अंबाजोगाईच्या शासकीय रुग्णालयाकडे नेली जात असते. महाराष्ट्रात २०१४ सालापासून १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका विनामूल्य मिळते. परंतु ती वाटेतच अडकून पडली तर काय होईल, हा प्रश्न शिक्षकांनी पाठाच्या आरंभीच मुलांपुढे ठेवावा व उत्तर त्यांच्याकडूनच काढून घ्यावे.

नंतर एक लहानसा प्रयोग करावा. पुष्कळ रुग्णवाहिकांच्या दर्शनी भागावर नाव उलट्या अक्षरांत रंगविलेले असते. तसाच एखादा शब्द फळ्यावर उलटा लिहून मुलांना आरशात वाचावयास सांगावा. पुढील वाहनाच्या चालकाला आरशात ते नाव सुलट दिसावे, हा हेतू मुले आपण होऊन ओळखतात.

चालकाचे कर्तव्य थोडक्यात असे : भोंगा ऐकू येताच भांबावून रस्त्याच्या मध्येच थांबू नये, अथवा वेग वाढवून पुढे धावू नये. इशारा देऊन डाव्या साइडपट्टीवर उतरावे व थांबावे. समोरून येणाऱ्यानेही आपल्या डावीकडे सरावे, म्हणजे मधली वाट मोकळी होते. धारूरच्या घाटासारख्या अरुंद ठिकाणी मात्र वळणावर थांबणे अधिक घातक. तेथे रुंद जागा येईपर्यंत सावकाश पुढे जावे.

खरी अडचण ट्रॅक्टरची आहे. इंजिनाचा आवाज, त्यात मोठ्याने लावलेली गाणी, आणि मागे दोन ट्रॉल्या भरून ऊस! चालकाला मागचे ऐकूही येत नाही व दिसतही नाही. म्हणून गाण्यांचा आवाज कमी ठेवणे व आरसे उसाबाहेर दिसतील असे बसविणे, ही गोष्ट मुलांनी घरी अवश्य सांगावी. (भरलेल्या ट्रॉलीवर मुलांनी बसणे धोक्याचे आहे, हेही येथेच बजावावे.) बैलगाडीची गोष्ट निराळी. तीत मागे तोंड करून बसलेल्या मुलाला रुग्णवाहिका सर्वांआधी दिसते. त्याने तत्काळ हाक द्यावी. भोंग्याने बैल बुजतात, यास्तव गाडी कडेला घेऊन मोठ्या माणसाने खाली उतरावे व वेसण धरावी.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार वाट न देणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हा भाग शेवटी सांगावा. मुलांच्या मनाला दंडापेक्षा रुग्ण आधी भिडतो.

सरावासाठी मैदानावर चुन्याने रस्ता आखावा. काही मुलांनी ट्रॅक्टर, काहींनी बैलगाडी, काहींनी एस. टी. व्हावे. रुग्णवाहिका झालेल्या मुलाने मागून यावे. ती निघून गेल्यावर तिच्या पाठोपाठ धावू नये, आणि मागून दुसरी येत नाही हे पाहूनच पुन्हा रस्त्यावर यावे. मुले नेमकी येथेच चुकतात, तेव्हा एवढा भाग दोनदा घ्यावा.