किल्ल्यावरचे मावळे रंगवा, पण ब्रश तोंडात नको

दिवाळीत अंगणात किल्ला करण्याची आपल्याकडील प्रथा अजून टिकून आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. पूर्वी किल्ल्यावर कुंभाराकडची मातीची चित्रे मांडली जात. आता अनेक मुले प्लॅस्टिकचे सैनिक आणतात, एकाचे डोके दुसऱ्याच्या धडावर बसवतात, बंदूक कापून तेथे भाला चिकटवतात आणि रंग देऊन आपल्या मनातला मावळा तयार करतात. या छंदाने बोटांना सफाई येते, चित्त एका जागी बसते. तो बंद करावा असे मुळीच सांगायचे नाही. मात्र रंग व थिनर यांतील विष शरीरात शिरते ते मुख्यतः तोंडावाटे आणि नाकावाटे. या दोन वाटा बंद केल्या की बरेचसे काम झाले.

तोंडाची वाट

मावळ्याची मिशी, डोळे, कपाळावरचे गंध रंगवायचे तर ब्रशचे टोक बारीक लागते. ते फुटले की मूल नकळत ब्रश ओठांत धरते. ही सवय किती महाग पडते याचा धडा अमेरिकेत मिळाला. न्यू जर्सी राज्यातील एका कारखान्यात १९१७ पासून तरुण मुली घड्याळाच्या तबकड्यांवर अंधारात चमकणारा रेडियमचा रंग देत. ब्रश ओठांनी टोकदार करायला त्यांना शिकवले जाई. पुढे १९२० च्या दशकात त्यांतील अनेकींचे जबडे कुजले आणि कित्येक जणी दगावल्या. आपल्या रंगात रेडियम नसते. परंतु दर वेळी थोडा थोडा रंग पोटात जाणे, हा प्रकार तोच.

आपल्याला काळजी आहे ती शिशाची. पिवळ्या व नारिंगी ऑइलपेंटमध्ये लेड क्रोमेट हे शिशाचे संयुग वापरले जात आले आहे. पारंपरिक शेंदूर हाही शिशाचाच पदार्थ. म्हणून भगवा रंग हवा म्हणून शेंदूर तेलात कालवून पागोट्याला लावू नये. केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांनुसार, १ नोव्हेंबर २०१७ पासून, घरगुती व शोभेच्या रंगांत दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसे असता कामा नये. परंतु हा नियम औद्योगिक रंगांना लागू नाही. माळ्यावर पडलेला जुना डबा तर त्याच्याही आधीचा असू शकतो. असे रंग मुलांच्या हाती देऊ नयेत.

पोटात गेलेले शिसे लहान मुलांच्या शरीरात मोठ्यांच्या चार-पाच पट शोषले जाते. आहारात लोह व कॅल्शियम कमी असेल तर आणखी जास्त. भूक मंदावणे, बद्धकोष्ठ, पोटदुखी, चेहरा पांढुरका पडणे, चिडचिड, अभ्यासात लक्ष न लागणे ही लक्षणे दिसली की घरचे जंतांचे औषध देऊन मोकळे होतात. शिसे पोटात गेल्याची शंका असेल तर रक्ततपासणीखेरीज खात्री होत नाही. शिशाची अमुक मात्रा निर्धोक, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगत नाही.

नाकाची वाट

थिनर, टर्पेंटाइन, नेलपॉलिश रिमूव्हर आणि स्प्रेचा रंग यांच्या वाफेने डोके दुखते, गरगरते, मळमळते. दम्याच्या मुलाला धाप लागू शकते. नाकाला रुमाल बांधल्याने वाफ अडत नाही. शिवाय ही द्रव्ये चटकन पेट घेतात. तेव्हा पणती, उदबत्ती किंवा गॅसजवळ ती नेऊ नयेत. बाहुल्याचा हात वाकवण्यासाठी मेणबत्तीवर धरणेही वाईट, कारण पीव्हीसी प्लॅस्टिक जळाले तर घसा व छाती जाळणारा वायू निघतो. मोठ्या माणसाने तो भाग गरम पाण्यात बुडवून मऊ करून द्यावा.

धाकट्या भावंडाची काळजी

कापून ठेवलेली डोकी, हात, तलवारी रांगणारे मूल हमखास तोंडात घालते. सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाच्या नळीत मावेल असा कोणताही तुकडा तीन वर्षांखालील मुलाच्या हाती लागू देऊ नये. तुकडा घशात अडकला आणि मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्यावे. खोकता, रडता येत नसेल तर त्याला पुढे झुकवून दोन खांद्यांच्या मध्ये पाठीवर पाच थापा द्याव्यात. तेवढ्याने तुकडा निघाला नाही, तर एक वर्षाखालील बाळाच्या छातीच्या मध्यावर दोन बोटांनी पाच वेळा दाबावे. मोठ्या मुलाला मागून कवेत घेऊन, बेंबीच्या वर मूठ ठेवून, पाच वेळा आत व वर झटका द्यावा. हे आळीपाळीने चालू ठेवावे आणि दुसऱ्याने मदत बोलवावी. न दिसणारा तुकडा घशात बोट घालून काढू पाहू नये. तो आणखी खाली जातो.

थिनर किंवा रॉकेल प्यायलेल्या मुलाला उलटी करवू नये, मिठाचे पाणीही पाजू नये. उलटीबरोबर ते फुप्फुसात गेले तर न्यूमोनिया होतो. बाटली सोबत घेऊन थेट दवाखाना गाठावा.

एवढे पाळावे

१. पाण्यात मिसळणारे, मुलांसाठीचे म्हणून विकले जाणारे रंग घ्यावेत.
२. ब्रश ओल्या फडक्यावर फिरवून टोकदार करावा.
३. रंगकाम ओसरीवर किंवा उघड्या खिडकीशी करावे, स्वयंपाकघरात नव्हे.
४. जुना रंग कोरडा घासू नये. ओल्या पॉलिशपेपरने घासावा व जागा ओल्या फडक्याने पुसावी.
५. रंगवताना खाऊ नको. फराळापूर्वी हात व नखे साबणाने धुवावीत.
६. थिनर कधीही सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत भरू नये.
७. चटकन चिकटणाऱ्या गोंदाने बोटे चिकटली तर ओढू नयेत, कोमट साबणाच्या पाण्यात ठेवून हळूहळू सोडवावीत. डोळ्यात रंग उडाल्यास पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा. पापण्या चिकटल्यास जोर न लावता डॉक्टरांकडे यावे.

खेळणी विकत घेताना आयएसआय चिन्ह पाहावे. १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना ते १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचे झाले आहे. मात्र हे चिन्ह कारखान्यातून निघालेल्या खेळण्याचे असते. घरी आपण वर दिलेल्या रंगाची हमी कोणी दिलेली नसते. ती जबाबदारी आपली. यंदा मुले रंगवायला बसतील तेव्हा घरातील एका मोठ्या माणसाने त्यांच्याजवळ बसावे आणि धाकट्याला दुसऱ्याने सांभाळावे.