जुन्या मोटारसायकलच्या हिसक्याची कारणमीमांसा

तत्त्वज्ञान हा विषय घेतलेल्या विद्यार्थ्याने मोटारसायकलच्या यंत्रावर लेख लिहावा, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. परंतु तर्कशास्त्राच्या तासाला कार्यकारणसंबंध शोधण्याच्या ज्या पद्धती आम्ही शिकतो, त्यांचा खरा उपयोग मला एका जुन्या मोटारसायकलपाशी बसूनच कळला. शिवाय महाविद्यालयाच्या आवारात उभ्या राहणाऱ्या दुचाक्यांपैकी कितीतरी दोन-तीन हातांतून फिरून आलेल्या असतात. तेव्हा हा विषय आपल्याला अगदीच परका नाही.

प्रथम थोडी पार्श्वभूमी पाहू. कार्ब्युरेटरच्या गाडीत हवेच्या ओढीबरोबर पेट्रोल खेचले जाते. इंजेक्शनच्या गाडीत मात्र ते पंपाच्या दाबाने इंजेक्टर नावाच्या बारीक तोटीतून फवारले जाते, आणि किती फवारायचे हे ईसीयू ही विद्युत्-पेटी ठरविते. कावासाकी कंपनीने १९८० साली आपल्या झेड-१००० मालिकेत अशी गाडी आणली; बीएमडब्ल्यूची के-१०० १९८३ साली आली. आपल्याकडे हीरो होंडाची ग्लॅमर एफआय २००६ साली आणि बजाजची पल्सर २२० २००७ साली बाजारात आली. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ ही प्रदूषणाची मर्यादा लागू झाली आणि इंजेक्शन जवळजवळ सर्वच मोटारसायकलींवर दिसू लागले. त्यापूर्वीच्या इंजेक्शनच्या गाड्या आता जुन्या झाल्या आहेत. प्रस्तुत लेख त्यांच्याविषयी आहे.

या गाड्यांची नेहमीची तक्रार म्हणजे हिसका. मूठ पूर्ण सोडून पुन्हा किंचित पिळली, की गाडी गुळगुळीत पुढे न जाता एकदम ओढ घेते. मोकळ्या हमरस्त्यावर याचे फारसे काही वाटत नाही. पण मी रोज यवतेश्वरचा घाट उतरून साताऱ्यास येतो आणि मागे धाकटी बहीण बसलेली असते. पावसाळ्यात ओल्या वळणावर गाडी कललेली असताना असा हिसका बसला, तर मागचे चाक घसरावयास वेळ लागत नाही. म्हणून हा प्रश्न केवळ सुखाचा नसून सुरक्षिततेचा आहे.

हिसका का बसतो? मूठ पूर्ण सोडून गाडी नुसत्या वेगावर धावत असते तेव्हा बहुतेक ईसीयू इंजेक्टर बंदच ठेवतात. त्या वेळी चाक इंजिनाला फिरवीत असते. मूठ पुन्हा पिळताच फवारा सुरू होतो आणि आता इंजिन चाकाला फिरवू लागते. ही दिशा पालटताना मूठ, केबल, गिअर, चेन आणि मागच्या चाकातील रबरे या सर्वांमधील ढिलाई एका क्षणात भरून निघते. याचा अर्थ असा, की हिसक्याची कारणे दोन गटांत मोडतात : शक्ती चाकापर्यंत नेणाऱ्या भागांची ढिलाई, आणि हवा-पेट्रोलाच्या मिश्रणातील बिघाड. गॅरेजमध्ये बहुधा दुसऱ्याच गटाकडे बोट दाखविले जाते. मलाही एका ठिकाणी, गाडीला हात लावण्यापूर्वीच, पेट्रोल वाढविणारी एक महागडी पेटी बसवून घेण्याचा सल्ला मिळाला होता. मी तो मानला नाही. कारण ज्या रोगाची तपासणीच झाली नाही त्याचे औषध घेणे तर्कास धरून नव्हते.

जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात व्यतिरेक पद्धती सांगितली आहे. बाकीची सर्व परिस्थिती तीच ठेवून एकच गोष्ट बदलावी. कार्य बदलले तर त्या गोष्टीचा त्याच्याशी कारणसंबंध आहे असे समजावे. या नियमानुसार मी एक कसोटी ठरविली. गावाबाहेरचा सपाट रस्ता, पहाटेची वेळ, इंजिन चांगले तापलेले, तिसरा गिअर आणि ताशी ४० किलोमीटर वेग. मूठ पूर्ण सोडायची, तीन अंक मोजायचे आणि हळूच पिळायची. असे दहा वेळा करून हिसके मोजायचे. प्रत्येक दुरुस्तीनंतर हीच कसोटी. आणि एका वेळी दुरुस्ती एकच. गाडी ५०० सीसीची, एक सिलिंडरची. सुरुवातीला दहापैकी दहा हिसके.

पहिली तपासणी मुठीची. केबल ताणली जाण्यापूर्वी मूठ थोडी मोकळी फिरते. हे मोकळे अंतर मुठीच्या कडेवर सुमारे २ ते ३ मिलिमीटर असले म्हणजे ठीक. माझ्या गाडीत ते ८ मिलिमीटर निघाले. केबलच्या नटाने ते कमी करता येते. मात्र नंतर इंजिन चालू ठेवून हॅन्डल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे. इंजिनाचा वेग वाढला तर केबल फार ताणली गेली असे समजावे. तसे ठेवणे धोक्याचे आहे.

दुसरी तपासणी चेनची. चाक फिरवीत चार-पाच ठिकाणी चेन वरखाली करून पाहावी, कारण झिजलेली चेन एका जागी घट्ट आणि दुसऱ्या जागी ढिली असते. बहुतेक गाड्यांना हा झोल २० ते ३५ मिलिमीटरांच्या दरम्यान लागतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. सर्वांत घट्ट जागी तो आकडा साधावा. त्यानंतर चाक धरून मागचे स्प्रॉकेट हाताने मागेपुढे हलवावे. ते सहज खटखटले तर चाकातील रबरे, ज्यांना मिस्त्री ड्रम रबर म्हणतात, ती बदलावी. केबल, चेन आणि रबरे एकामागून एक ठीक केल्यावर माझ्या गाडीचे हिसके दहावरून सहावर आले. या वेळेपर्यंत पेट्रोलाच्या यंत्रणेला मी हातही लावला नव्हता.

यानंतर थ्रॉटल बॉडी. हवेच्या वाटेवरील गोल झडप येथे असते. वर्षानुवर्षे तिच्या कडेभोवती काजळी साचते. मूठ पूर्ण पिळली असता या काजळीने काही बिघडत नाही. परंतु झडप केसभर उघडली असताना तीच काजळी हवेची वाट अडविते, आणि हिसक्याची जागा नेमकी तीच आहे. इंजिन थंड असताना, विस्तवापासून दूर, मऊ फडक्यावर क्लीनर घेऊन ती पुसून काढावी. तार किंवा पॉलिश कागद वापरू नये, आणि झडपेच्या मर्यादेचा, कारखान्यात बसविलेला स्क्रू मुळीच फिरवू नये. याच वेळी थ्रॉटल बॉडी व इंजिन यांमधील रबरी नळी काढून वाकवून पाहावी. एरवी न दिसणाऱ्या भेगा वाकविल्यावर दिसतात. भेगेतून शिरणारी हवा ईसीयूच्या हिशेबात नसते. माझ्या गाडीची नळी शाबूत होती. सफाईनंतर हिसके चारवर आले.

पुढचा टप्पा झडपेच्या सेन्सरचा. झडप किती उघडली हे तो विजेच्या दाबाने ईसीयूला कळवितो. त्याला ५ व्होल्ट पुरविले जातात. झडप बंद असताना अर्ध्या व्होल्टाच्या आसपास आणि पूर्ण उघडल्यावर चार व्होल्टांच्या वर दाब परत येतो. येथे मिलची सहपरिवर्तन पद्धती कामास येते : मूठ जसजशी पिळावी तसतसा आकडा सारखा वाढला पाहिजे. काट्याचा मीटर लावून मूठ अगदी सावकाश पिळावी. माझ्या गाडीत काटा थोडा चढून एकदा खाली पडत असे आणि पुन्हा चढत असे. मूठ जिथे सर्वांत अधिक वावरते तिथेच आतील पट्टी झिजली होती. सेन्सर बदलला. दहापैकी एक हिसका उरला, आणि तोही किंचित. दोन किंवा अधिक सिलिंडरच्या गाडीत, प्रत्येकाच्या झडपा सारख्या उघडतात की नाही हे व्हॅक्यूम गेज लावून पाहण्याचे कामही असते. एका सिलिंडरच्या गाडीत ते नसते.

इंधनाविषयी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. आपल्या पेट्रोलात २०२२ साली इथेनॉलचे प्रमाण १० टक्क्यांवर आणि २०२५ साली २० टक्क्यांवर पोहोचले. एक किलो पेट्रोल जाळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते, तर इथेनॉलला सुमारे ९ किलो. २० टक्क्यांच्या मिश्रणास हा आकडा साडेतेराच्या आसपास येतो. अर्थात शुद्ध पेट्रोलाच्या हिशेबाने फवारणाऱ्या जुन्या गाडीत मिश्रण थोडे पातळ पडते, आणि पातळ मिश्रणाने हिसका वाढतो. सायलेन्सरकडील ऑक्सिजन सेन्सर ही उणीव काही मर्यादेपर्यंत भरून काढतो. म्हणून तो सेन्सर, पेट्रोलचा फिल्टर आणि इंजेक्टर स्वच्छ व चालू असणे आता पूर्वीपेक्षा अधिक महत्त्वाचे आहे.

एवढे करूनही हिसका राहिला, तरच ईसीयूचा हिशेब बदलणाऱ्या पेटीचा विचार करावा. तोही मिश्रण मोजण्याचे साधन असलेल्या माणसाकडून. सेन्सरला खोटी माहिती देऊन पेट्रोल वाढविणाऱ्या जोडण्यांनी हिसका कमी वाटतो हे खरे. पण झिजलेली चेन झिजलेलीच राहते, पेट्रोल अधिक जळते आणि धुरातील विषारी वायूही वाढतात.

कला शाखेच्या मुलामुलींत यंत्राविषयी एक विनाकारण भीती असते. गाडी मिस्त्रीच्या हाती सोपवून आपण बाजूला उभे राहतो आणि तो सांगेल ते मान्य करतो. येथे सांगितलेल्या पहिल्या दोन तपासण्यांना एक मोजपट्टी, दोन पाने आणि अर्धा तास एवढेच लागते. त्या करून, निघालेले आकडे कागदावर लिहून मग गॅरेजमध्ये जावे. चांगला मिस्त्री अशा गिऱ्हाइकाचे ऐकून घेतो, असा माझा अनुभव आहे. पुढच्या पावसाळ्यापूर्वी आपापल्या गाडीची मूठ निदान एकदा मोजून पाहावी, एवढी विनंती करून हा लेख आटोपता घेतो.