आयपी ॲड्रेसचं भांडण

वर्धा स्टँडवर लांब पल्ल्याची एस.टी. लागली की लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात. कंडक्टरच्या चार्टवर ती सीट दुसऱ्याच्या नावे असली की भांडण! आयपी कॉन्फ्लिक्टचं अगदी तसंच.

आमच्या हिंगणघाटच्या घरी प्रिंटरला १९२.१६८.१.५ हा ॲड्रेस हाताने टाकलेला होता. राउटरमधला डीएचसीपी म्हणजे कंडक्टर. त्याच्या चार्टवर ही नोंदच नाही. लाईट जाऊन आली, प्रिंटर अजून बंद होता, तेवढ्यात तोच ॲड्रेस मोबाईलला मिळाला. मग प्रिंटर सुरू केला, पण ताईचं हॉलतिकीट काही छापेना!

राउटर रिस्टार्ट करून तात्पुरतं भागतं. कायमचा उपाय असा: प्रिंटरचं सेटिंग 'ऑटोमॅटिक' करा आणि राउटरमध्ये त्याच्या मॅक ॲड्रेसवर एक आयपी राखून ठेवा. थोडक्यात, रुमाल नको, रिझर्वेशन करा!