ड्रायव्हर नसलेला संगणक

ड्रायव्हर म्हटले की आमच्या मुरबाड तालुक्यातील माणसाच्या डोळ्यांसमोर एस.टी.चा ड्रायव्हर उभा राहतो. तालुक्यात आगगाडी धावत नाही, त्यामुळे कल्याण गाठायचे तर तोच आमचा वाली. संगणकालाही ड्रायव्हर लागतो, आणि एक नव्हे तर अनेक लागतात, हे मला गेल्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हते. मी कला शाखेची विद्यार्थिनी, मराठी व इतिहास हे माझे विषय. तेव्हा या विषयावर मी लेखणी उचलावी हे काहींना आगाऊपणाचे वाटेल. परंतु जे मला तीन दिवसांत शिकावे लागले ते माझ्यासारख्या इतरांनाही उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहे.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. बारावीनंतर वडिलांनी भाताच्या पैशातून कल्याणच्या एका दुकानातून जुना संगणक आणला. मुंबईच्या कुठल्याशा कचेरीतून निघालेला, एकोणीस इंची रुंद पडद्याचा. वर्षभर तो बरा चालला. मग हार्ड डिस्क गेली, दुकानदाराने दुसरी बसवली, आणि पूर्वी विंडोज ७ होते तेथे विंडोज १० घालून दिले. घरी आणून सुरू केला तर अक्षरे फुगलेली, गोल आकृती अंड्यासारख्या लांबट, आणि पान खाली सरकवले की ते पाण्यात भिजल्यासारखे थबकत थबकत सरके. शिष्यवृत्तीच्या अर्जाला तीन दिवस उरले होते. अर्ज भरता भरता एक चौकट उघडली, तिच्यातले शेवटचे बटण पडद्याच्या खालच्या कडेपलीकडे गेले होते. ते दिसत नव्हते, तर दाबायचे कसे? दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, “ग्राफिक्स कार्ड गेलं आहे. जुनं कार्ड मिळेल, अडीच हजार पडतील.” वडील फोनपाशीच बसले होते. ते म्हणाले, “पोरी, बघू. गवताचे पैसे यायचे आहेत.” गवताचे पैसे कशासाठी ठेवले होते ते मला माहीत होते, म्हणून मी गप्प राहिले.

आता मूळ विषयाकडे वळू. संगणकाचा पडदा म्हणजे बारीक ठिपक्यांची जाळी होय. आडवे १०२४ आणि उभे ७६८ ठिपके असतील तर एकूण ७ लाख ८६ हजार ४३२ ठिपके झाले. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगण्यास साधारणपणे चार बाइट लागतात, म्हणजे एका चित्राला सुमारे ३१ लाख बाइट. आणि हे चित्र सेकंदाला साठ वेळा पडद्याकडे धाडावे लागते. हे काम मुख्य प्रोसेसरवर न टाकता त्यासाठी वेगळी यंत्रणा ठेवतात, तीच ग्राफिक्स यंत्रणा. कधी ती वेगळ्या कार्डावर असते, कधी मदरबोर्डवरील चिपमध्येच सामावलेली असते. प्रत्येक कंपनीच्या चिपची रचना निराळी, आज्ञा निराळ्या. विंडोजला त्या सगळ्या ठाऊक असणे शक्य नाही. म्हणून चिप बनवणारी कंपनी एक लहानसा प्रोग्राम देते. विंडोज त्याला सांगते आणि तो चिपला तिच्या भाषेत सांगतो. या दुभाष्याचे नाव ड्रायव्हर. खरे म्हणजे दुभाषा हाच शब्द अधिक बरोबर ठरला असता, पण नाव पडले ते पडले.

दुभाषा नसला तर संगणक अगदीच मुका होत नाही. १९८७ साली आय.बी.एम. कंपनीने व्ही.जी.ए. नावाची पद्धत आणली. ६४० गुणिले ४८० ठिपके आणि सोळा रंग, एवढी मोजकी खुणेची भाषा पुढे जवळजवळ सर्वच कार्डांना येऊ लागली. नंतर तिच्यात थोडी भर पडली. ड्रायव्हर सापडला नाही की विंडोज या मोजक्या भाषेवर काम चालवते. विंडोज १० मध्ये त्या अवस्थेला ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ असे नाव दिसते. तेव्हा चित्र काढण्याचा सारा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो, म्हणून पान थबकते. आणि पडद्याच्या खऱ्या मापाचे चित्र मिळत नाही, म्हणून अक्षरे फुगतात. आमच्या घरचा आजार नेमका हाच होता. कार्ड जळाल्याची ही लक्षणे नव्हेत.

हे मला समजावून सांगितले ते मुरबाडच्या एमआयडीसीत वायरमनचे काम करणाऱ्या आमच्या गावच्या एका दादाने. त्याची कसोटी सोपी आहे आणि मी ती मुद्दाम येथे देते. संगणक सुरू करताना विंडोज येण्यापूर्वी कंपनीचे चिन्ह व पांढरी अक्षरे दिसतात. त्या वेळी पडद्यावर रेघा, चौकडे, रंगीत ठिपके असतील तर दोष यंत्रात आहे. तेथे सारे स्वच्छ असून विंडोज आल्यावरच गडबड होत असेल, तर बहुधा दोष ड्रायव्हरमध्ये आहे. यंत्रातील दोष म्हणजेही नेहमी मोठा खर्च नव्हे. पावसाळ्यानंतर कार्डाच्या किंवा रॅमच्या सोनेरी पट्टीवर मळ बसतो, तो संगणक बंद करून, वीज काढून, खोडरबराने हलकेच पुसला तरी पुष्कळदा काम होते. वायरीचे दोन स्क्रू सैल असले तरी रंग जातो. वेगळे कार्ड असताना वायर मदरबोर्डच्या भोकात खोचली म्हणून काळा पडदा पाहत बसलेले लोकही दादाने पाहिले आहेत.

मग त्याने डिव्हाइस मॅनेजर उघडून दाखवले. प्रत्येक चिपला कारखान्यातच दोन क्रमांक मिळतात, एक कंपनीचा व एक चिपचा. एनव्हिडियाचा १०डीई, ए.एम.डी.च्या ग्राफिक्सचा १००२. इंटेलचा क्रमांक आहे ८०८६, आणि १९७८ साली निघालेल्या त्याच कंपनीच्या प्रसिद्ध प्रोसेसरचे नावही तेच. कंपन्यांनाही आपल्या थोरल्याचा अभिमान असतो म्हणायचा. आमच्या संगणकाचे क्रमांक निघाले ८०८६ आणि २ई३२. हा इंटेलचा जी-४१ चिपसंच, २००८ सालचा. त्याची ग्राफिक्स चिपसंचातच असते. म्हणजे आमच्या पेटीत वेगळे कार्ड मुळात नव्हतेच! जे नव्हते ते गेले कसे, हा प्रश्न मी वडिलांना विचारला तेव्हा ते प्रथमच हसले. दुकानदार लबाड होता असे मी म्हणत नाही. कदाचित त्यानेही पेटी उघडून पाहिली नसेल.

या जुन्या चिपांची अडचण कशी निर्माण झाली हे थोडे इतिहासाच्या अंगाने पाहू. विंडोज एक्सपीच्या काळातील ड्रायव्हरांची रचना एक होती. २००७ साली विंडोज व्हिस्टा बाजारात आले तेव्हा मायक्रोसॉफ्टने ती बदलून डब्ल्यू.डी.डी.एम. ही नवी रचना आणली. जुन्या चिपांना नव्या धर्तीचे ड्रायव्हर लिहून देणे हे चिपवाल्या कंपन्यांचे काम. त्यांनी काहींना दिले, काहींना दिले नाहीत. इंटेलच्या ९१५ या चिपसंचाला मिळाला नाही, तरी तो असलेल्या संगणकांवर ‘व्हिस्टा चालेल’ अशा अर्थाची चिकटपट्टी २००६ साली लागली होती. त्यावरून अमेरिकेत सिॲटलच्या न्यायालयात ग्राहकांनी दावा लावला. सर्व ग्राहकांतर्फे एकत्र दावा चालवण्याची परवानगी २००९ मध्ये न्यायालयाने काढून घेतली, पण त्या निमित्ताने कंपनीची कागदपत्रे उघड झाली. २००७ मधील व्हिस्टाच्या ज्या बिघाडांची नोंद मायक्रोसॉफ्टकडे झाली होती, त्यांपैकी सुमारे २९ टक्के एकट्या एनव्हिडियाच्या ड्रायव्हरांमुळे झालेले होते. एवढ्या मोठ्या कंपन्यांचे हे, तर आमच्या कल्याणच्या दुकानदाराला किती बोल लावायचा!

जुनी रचना विंडोजने २०१२ साली, विंडोज ८ बरोबर, साफ काढून टाकली. आमच्या जी-४१ साठी इंटेलचे ड्रायव्हर विंडोज ७ पर्यंतच आहेत. दुकानदार देऊ करीत होता तसल्या जुन्या कार्डांचीही तीच गत आहे. एनव्हिडियाच्या जी.टी. ७१० सारख्या कार्डांना नवे ड्रायव्हर देणे २०२१ मध्ये थांबले, सुरक्षेपुरत्या दुरुस्त्याही सप्टेंबर २०२४ पर्यंतच होत्या. शिवाय विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ आमच्या प्रोसेसरला उंबऱ्याच्या आत घेत नाही. यंत्र धडधाकट असते, दुभाषाच निवृत्त होतो.

येथे मला आपल्या महाराष्ट्रातील एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण मराठीच्या विद्यार्थ्यांनी ती जाणून घ्यावी अशी आहे. एके काळी संगणकाच्या पडद्यावर मराठी दिसावी यासाठी वेगळे कार्ड बसवावे लागे. त्या वेळच्या डॉस पद्धतीत पडद्यावर ८० रकाने आणि २५ ओळी असत, आणि एका रकान्यात एक इंग्रजी अक्षर असा हिशेब असे. आपल्या वेलांट्या, रफार, जोडाक्षरे त्या रकान्यात मावणार कशी? कानपूरच्या आय.आय.टी.त मोहन तांबे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात यावर काम केले, आणि १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाल्यावर ते तेथे पुढे गेले. त्यातून जिस्ट कार्ड तयार झाले. जिस्ट म्हणजे ‘ग्राफिक्स अँड इंटेलिजन्स बेस्ड स्क्रिप्ट टेक्नॉलॉजी’. हे कार्ड संगणकात खोचले की डॉसवरचे नेहमीचे प्रोग्राम न बदलता त्यांत देवनागरी उमटे. अक्षरे जुळवण्याचे काम कार्ड करी, प्रोग्रामला त्याचा पत्ताही नसे. सर्व भारतीय लिप्यांना एकच सांकेतिक क्रम दिल्यामुळे तोच मजकूर देवनागरीतून गुजरातीत वा कानडीत पाहता येई. इस्की नावाचा हा क्रम १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाला.

पुढे विंडोज आले. त्यात रकाने नाहीत, अक्षरे चित्रासारखी काढली जातात. त्यामुळे डॉससाठी केलेल्या कार्डाचे काम संपले. अक्षरजुळणी सॉफ्टवेअरकडे गेली, निरनिराळ्या फॉन्टांचे निरनिराळे संकेत झाले, आणि एका संगणकावरचा मराठी मजकूर दुसऱ्यावर वाचता येईना. विंडोज २००० पासून युनिकोडची देवनागरी विंडोजमध्येच आली तेव्हा हा गोंधळ हळूहळू निवळू लागला. माझ्या मते जिस्ट कार्ड अपयशी झाले असे म्हणणे अन्यायाचे होईल. ते आपले काम करून गेले. पण जी कागदपत्रे नंतरच्या त्या फॉन्टांत अडकली, त्यांचे काय झाले असेल, हा इतिहासाच्या विद्यार्थिनीला पडणारा प्रश्न आहे.

असो. आमच्या संगणकाचे काय झाले ते सांगते. अर्जाचा प्रश्न दादाने क्षणात सोडवला: कंट्रोलची कळ दाबून धरून वजाचे चिन्ह दाबले की पान लहान होते. बटण वर आले, अर्ज गेला. मी तीन रात्री झोपले नव्हते ते या एका कळीसाठी!

ड्रायव्हरचा शोध मात्र लांबला. संगणकाबरोबर मदरबोर्डची सीडी आली होती. आईने ती चमकते म्हणून परसात काकडीच्या मांडवाला पाखरांसाठी टांगली होती. उन्हापावसाने ती कामातून गेली होती. आईला दोष कसा देणार? त्या सीडीचा उपयोग घरात कोणालाच ठाऊक नव्हता. शेवटी सरळगावच्या एका झेरॉक्सवाल्याकडे तसलाच जी-४१ संगणक निघाला, विंडोज ७ चा. त्याच्या सीडीवरून फाईल पेनड्राइव्हवर घेतली.

ती फाईल नेहमीप्रमाणे दोनदा दाबून उघडली तर ‘ही विंडोज चालणार नाही’ असे सांगून बंद पडते. याचा अर्थ ड्रायव्हर चालणार नाही असा नव्हे. बसवून देणारा प्रोग्राम विंडोजचा क्रमांक पाहून अडतो. म्हणून डिव्हाइस मॅनेजरमधून आपण होऊन यादीतून निवडायचे, ‘हॅव डिस्क’ म्हणायचे, आणि आय.एन.एफ. शेपटीची फाईल दाखवायची. मी प्रथम ३२ बिटांचा फोल्डर दाखवला, त्याने नाकारला. आमचे विंडोज ६४ बिटांचे होते. दुसऱ्यांदा बरोबर दाखवला. पडदा काळा झाला. चार-पाच सेकंद काहीच नाही. बाहेर वारा सुटला होता आणि आमच्याकडे वारा सुटला की वीज जाते. ड्रायव्हर बसताना वीज गेली तर संगणक सेफ मोडमध्ये उघडून पुन्हा सारे करावे लागते. मग पडदा उजळला. अक्षरे बारीक आणि रेखीव, गोल पुन्हा गोल. वडील म्हणाले, “चष्मा लावल्यागत झालं.”

त्यानंतर विंडोजच्या एका मोठ्या बदलाने तो ड्रायव्हर एकदा उडाला, पण तेव्हा मी कोणाला फोन केला नाही. इंटरनेटवर ‘सर्व ड्रायव्हर आपोआप अद्ययावत करतो’ म्हणणारे फुकटे प्रोग्राम भेटतात, त्यांच्या नादी लागू नये. त्यांतले पुष्कळसे जाहिराती व त्याहून वाईट गोष्टी घरात आणतात. लिनक्सचा मार्गही आहे. तेथे इंटेलचे ड्रायव्हर खुले असतात, कोणीही वाचावे व सुधारावे. आमच्या चिपच्या पिढीसाठी ‘क्रोकस’ नावाचा नवा ड्रायव्हर २०२१ साली, म्हणजे चिप निघाल्यावर तेरा वर्षांनी, लिहून पुरा झाला. नफ्याचा हिशेब करणारी कोणतीही कंपनी हे करणार नाही. येत्या सुट्टीत मी तो घालून पाहणार आहे. आधी अभ्यासाच्या टिपणांची नक्कल पेनड्राइव्हवर काढून ठेवीन.

विंडोज ७ ची ती ड्रायव्हरची फाईल मी जपून ठेवली आहे. ज्या विद्यार्थ्याच्या घरी जी-४१ चा संगणक असेल त्याने माझ्याकडून अवश्य न्यावी. जी-३१ वाल्यांनी मात्र नेऊ नये; त्यांच्या चिपचा क्रमांक २९सी२ आहे आणि त्यांची फाईल वेगळी असते.