पत्ता बरोबर, मग चाचणी का फसली?

पाकिटावर ‘अकोले’ हे नाव देवनागरीत लिहा की रोमन लिपीत, पोस्टमन पत्र बिनचूक पोचवतो. संगणकाला मात्र हे शहाणपण नसते. जेवढे सांगावे तेवढेच तो ओळखतो.

समजा, अहिल्यानगर जिल्ह्यातील एका शाळेच्या विज्ञान मंडळाने पावसाच्या नोंदींचे संकेतस्थळ करायला घेतले. जिल्ह्याचे तालुके १४. प्रत्येकाला एक पान. त्यासाठी ‘जँगो’ हे फ्रेमवर्क निवडले. फ्रेमवर्क म्हणजे संकेतस्थळाचा तयार सांगाडा. जँगो हा अमेरिकेतील लॉरेन्स गावच्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत जन्मला आणि २००५ साली सर्वांसाठी खुला झाला.

जँगोजवळ पत्त्यांच्या साच्यांची एक यादी असते. मागणी आली की तो यादी वरून खाली वाचतो आणि जुळणाऱ्या पहिल्या साच्याचे काम सुरू करतो. उत्तराबरोबर एक अंक येतो : २०० म्हणजे पान मिळाले, ३०१ म्हणजे पत्ता कायमचा बदलला, ४०४ म्हणजे सापडले नाही. चाचणी म्हणजे हाच अंक तपासणारा छोटा प्रोग्रॅम. आपल्या मंडळाने राहुरी व अकोले या दोन पानांच्या चाचण्या लिहिल्या. दोन्हींकडून २०० अपेक्षित होते. दोन्ही फसल्या!

राहुरीकडून आले ३०१. साच्याच्या शेवटी तिरपी रेघ होती, चाचणीतल्या पत्त्यात नव्हती. अशा वेळी जँगो ‘रेघ देऊन पुन्हा या’ असे सांगतो. ब्राउझर निमूटपणे पुन्हा जातो, म्हणून ही चूक आपल्याला एरवी दिसत नाही. चाचणी मात्र सांगितल्याशिवाय पुढे जात नाही. उपाय सोपा : पत्ता हाताने न लिहिता साच्याला नाव द्यावे व त्यावरून जँगोकडूनच पत्ता तयार करून घ्यावा.

अकोलेकडून आले ४०४. येथे नाव देवनागरीत होते. साच्यात ‘स्लग’ हा प्रकार वापरला होता. तो फक्त रोमन अक्षरे, अंक, जोडरेघ व अधोरेघ स्वीकारतो. ‘अकोले’ मध्ये अ, क, ओकार, ल, एकार अशी ५ चिन्हे आहेत. यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येकाला ३ बाइट, म्हणजे एकूण १५ बाइट लागतात. स्लगला यातले एकही चिन्ह चालत नाही. त्याऐवजी ‘स्ट्र’ हा प्रकार दिला की साचा जुळतो.

आता तरी २०० येईल ना? नाही! दोन्हींकडून ४०४. ब्राउझरमध्ये तर पाने उघडतात. असे का व्हावे बरे? कारण चाचणीसाठी जँगो वेगळा, कोरा डेटाबेस तयार करतो. पत्ता जुळला, पण तालुक्याची नोंदच नाही. म्हणून चाचणीच्या आरंभी नमुन्याच्या नोंदी भराव्या लागतात.

म्हणजे ४०४ ची कारणे दोन : साचा जुळला नाही, किंवा माहिती सापडली नाही. ती वेगळी कशी ओळखावीत? ‘हा पत्ता कोणत्या साच्याला जुळतो?’ एवढेच जँगोला विचारावे. उत्तर मिळाले, तर दोष माहितीत. न मिळाले, तर साच्यात. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहणे, ही प्रयोगशाळेतली शिस्त येथेही उपयोगी पडते.

एक मोह मात्र टाळावा. ३०१ आले म्हणून चाचणीतच २०० खोडून ३०१ लिहिले, तर चाचणी उत्तीर्ण होईल, पण दोष तसाच राहील. कधी ३०१ हेच खरे उत्तर असते. २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. जुन्या नावाचा पत्ता कोणाच्या वहीत लिहिलेला असेल, तर त्याला नव्या पानावर पोचवलेच पाहिजे. तेथे चाचणीने ३०१ आणि नवा पत्ता, दोन्ही तपासावेत. काय अपेक्षित आहे, हे आधी विचाराने ठरवावे, मगच अंक पाहावा.

करून पाहा : ‘जामखेड’ या नावाला यूटीएफ-८ मध्ये किती बाइट लागतील? (उत्तर : १८)