वाडी, विहीर आणि रोझरी

धर्मग्रामातल्या बायकांच्या सभेत ‘श्रद्धा आणि रोजचं जगणं’ असा विषय निघाला, की मी चहाचं बघायला आत पळते. लिहायला मात्र हरकत नाही. लिहिताना कुणी तोंडाकडे बघत नाही. वसईत आमची फुलांची वाडी, घरात सासूबाई, नवरा मुंबईला नोकरीला, दोन मुलं. या सगळ्यांच्या धबडग्यात जे थोडंफार उमगलं, ते असं.

१. प्रार्थनेला निवांतपणा लागतो, असं लहानपणापासून ऐकत आले. तो काही माझ्या वाट्याला आला नाही. अंधारातच डोक्याला बॅटरी बांधून मोगऱ्याच्या कळ्या खुडायच्या आणि उजाडायच्या आत टोपली लोकलच्या मालडब्यात चढवायची. तेवढ्या वेळात मी रोझरी म्हणते. बोटं कळ्यांत गुंतलेली, त्यामुळे दहा नमो मारियांच्या कधी बारा होतात, कधी सातच. मध्येच दादरला आज काय भाव फुटेल, हा विचार घुसतो. पूर्वी फार अपराधी वाटायचं. आता वाटतं, नाझरेथच्या त्या बाईलाही दळण होतं, पाणी भरणं होतं. माझं अर्धवट वाक्य तिला कळत असणार.

२. आपली फुलं कुठल्या देवाला जातात, हा प्रश्न मुलीने विचारेपर्यंत मला पडलाच नव्हता. धर्मशिक्षणाच्या वर्गातून आली आणि म्हणाली, “आई, आपली जास्वंद सिद्धिविनायकाला जाते, हे चालतं का?” आमची गंमत अशी, की ८ सप्टेंबरला मारियामातेचा जन्मदिन, त्याआधी नऊ दिवस नोव्हेना. गणपतीही बरेचदा त्याच सुमारास येतो आणि जास्वंदीचा भाव कडाडतो. म्हणजे संध्याकाळी चर्चमध्ये बसायचे दिवस आणि वाडीत राबायचे दिवस एकच. मी उत्तर शोधत होते, तोवर सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, “वाहणारा वाहील, घेणारा देव घेईल. आपण शिळं नाही द्यायचं.” मला ते टोचलं, कारण कालच्या उरलेल्या कळ्यांवर पाणी मारून त्या आजच्या मालात मिसळणं या धंद्यात कुणाला अवघड नाही. प्रभादेवीच्या रांगेत हात जोडून उभा असलेला माणूस मला कधी भेटणार नाही. त्याच्या ओंजळीत काय पडावं, हे मात्र पहाटे माझ्या ओसरीवर ठरतं. शेजाऱ्यावर प्रीती कर म्हणतात, त्यातला हा शेजारी असेल असं मला कुठल्याही प्रवचनात ऐकू आलं नव्हतं.

३. श्रद्धेची परीक्षा मोठ्या छळाच्या वेळी होते, असं संतांच्या गोष्टी वाचून वाटायचं. आमची झाली विहिरीवर. वसईची जमीन समुद्राला लागून, खाली वाळू. गोडं पाणी वर, खारं त्याच्या खाली आणि बाजूला. बेताने उपसलं तर पिढ्यान्‌पिढ्या पुरतं. पंप लावून ओढत राहिलं की खारं पाणी आत सरकतं. म्हणून तर जुन्या लोकांनी बावखलं खणली, पावसाचं पाणी त्यांत साठवून जमिनीत मुरवलं. पुढे इमारती आल्या, कितीतरी बावखलं बुजली, नळाचं पाणी पुरेना आणि टँकरवाले दारात उभे राहिले. विहिरीतलं पाणी द्या, रोख पैसे घ्या.

आमच्याकडेही माणूस आला होता. मुलाच्या कॉलेजची फी तोंडावर होती. मी हिशेब मांडला आणि खरं सांगायचं तर मला तो पटला होता. नवरा गप्प. सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, “विहीर आपली, पाणी काय आपल्या एकट्याचं?” शेजारच्या वाडीतली पानवेल त्याच झऱ्यावर जगते, हे त्यांना न शिकता ठाऊक होतं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समिती याच पाण्यासाठी, याच हिरवळीसाठी रस्त्यावर उतरली, तेव्हा ‘फादरांनी मिस्सा म्हणावी, हे नसते उद्योग कशाला’ म्हणणारेही आमच्यात होते. माझे माहेरचे त्यांतलेच. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांचं ‘लौदातो सी’ हे परिपत्रक आलं. पाणी हा माणसाचा मूलभूत हक्क आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. मी मोठ्या उत्साहाने ते सासूबाईंना समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, “बरं झालं, पोपसाहेबांनाही पटलं.”

पाणी आम्ही विकलं नाही. फी पतपेढीच्या कर्जातून भरली आणि ते फेडताना मी पुष्कळदा चरफडले. पुण्य केल्यावर आनंद होतो म्हणतात. मला हप्ते दिसायचे. आजही उन्हाळ्यात विहिरीचा पहिला घोट मी चव बघून घेते.

४. द्राक्षमळ्याचा दाखला चर्चमध्ये ऐकणं वेगळं आणि मजूर लावणाऱ्या बाईने ऐकणं वेगळं. संध्याकाळी पाचला आलेल्यालाही मळ्याचा मालक सकाळच्या माणसाएवढीच मजुरी देतो. मत्तयच्या विसाव्या अध्यायातली ही गोष्ट वाचली की माझ्यातली मालकीण उसळते. असं केलं तर उद्या सकाळी कोण येईल कामाला? आमच्याकडे पाड्यावरून येणाऱ्या वारली बाईला एकदा मी ही गोष्ट सांगितली. ती निंदता निंदता थांबली. “पाचपर्यंत त्याला कुणी बोलावलंच नसंल ना. पोरं तर त्याचीबी उपाशी असतील.” गोष्टीतला मालकही नेमका हेच विचारतो, दिवसभर रिकामे का उभे राहिलात म्हणून, आणि ते सांगतात, आम्हाला कुणी लावलंच नाही. इतकी वर्षं हा प्रश्न मी वाचत होते, पण मालकाच्या खुर्चीतून. मजुरी मी अजूनही तासांवरच देते. दिवसाची मात्र दिवस मावळायच्या आत, कारण लेवीयच्या पुस्तकात मजुराचे पैसे सकाळपर्यंत ठेवून घेऊ नकोस म्हटलंय, आणि ते तरी जमण्यासारखं आहे.

५. मिस्सेत एकमेकांना शांती द्यायची वेळ येते, तेव्हा पुढच्या बाकावर हटकून धाकटे दीर असतात. बांधावरून आमचं बोलणं बंद. ते वळतात, मी हात जोडते, तेही जोडतात. आपल्याकडे शांती हात जोडून देतात याचा फायदा असा, की हात मिळवावा लागत नाही. प्रकरण अजून तिथेच आहे; मोजणीवाला पावसाळ्यानंतर यायचाय.

६. घरातला सगळ्यात धार्मिक माणूस कोण, याचा माझा अंदाज पार चुकीचा होता. संध्याकाळची रोझरी मी चालवते, मुलांचे मोबाईल मी काढून घेते, म्हणून मान आपोआप माझा, असं मी धरून चालले होते. नवरा पाचव्या रहस्याला पेंगतो. योसेफाचा एकही शब्द शुभवर्तमानांत नोंदलेला नाही, हे मला फार उशिरा लक्षात आलं. स्वप्न पडलं की उठतो, बायको-पोराला घेऊन निघतो, पुन्हा सुतारकामाला लागतो. १९५५ मध्ये पोप पायस बारावे यांनी १ मे हा दिवस कामकरी योसेफाचा म्हणून ठरवला. आमच्याकडे त्या दिवशी महाराष्ट्र दिनाची सुट्टी. नवरा ती विहिरीचा पंप उघडून घालवतो, दुपारी शेजारच्या म्हातारीचा नळ बघतो, संध्याकाळी चर्चचा लाऊडस्पीकर. मी म्हटलं, “आज मिस्सेला आत येऊन बसा.” तो म्हणाला, “आवाज नीट येतोय ना? मग मी बाहेर वायर धरून उभा राहतो.”